वर्षाखेर आणि वाचनवही

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या निवांत दुपारी वही-पेन घेऊन बसा आणि वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची नावं लिहायला लागा. एक पथ्य मात्र पाळा. कपाटाकडे बघायचं नाही, वाचनालयाचं कार्ड काढायचं नाही, मोबाइलवर मागवलेल्या पुस्तकांची यादी उघडायची नाही. जे नाव आपणहून येईल तेच लिहायचं, येईल त्या क्रमानं. पेन अडलं की थांबायचं आणि मग खरी यादी काढायची. दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवल्या की आपलं वाचनाचं वर्ष कसं गेलं ते स्वच्छ दिसायला लागतं.

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभागात २७ वर्षं काम करते. वर्षाखेर आली की सभासद हटकून विचारतात, "ताई, यंदाचं सगळ्यात चांगलं पुस्तक कुठलं?" मीही बरीच वर्षं एखादं नाव सांगून मोकळी व्हायचे. मग एका डिसेंबरात हा दोन याद्यांचा प्रयोग स्वतःवर करून पाहिला आणि तेव्हापासून त्यात खंड पडलेला नाही. यंदाची माझी खरी यादी ३१ पुस्तकांची निघाली. त्यातली २२ पुरी वाचलेली, ९ अर्धवट सोडलेली. आठवणीनं लिहिलेली नावं होती १७. म्हणजे शेवटच्या पानापर्यंत वाचलेली तब्बल आठ पुस्तकं मला आठवलीच नव्हती, आणि अर्धवट टाकलेली तीन मात्र आठवणीच्या यादीत येऊन बसली होती, त्यातलं एक तर चौथ्या क्रमांकावर.

विसरलेलं पुस्तक वाईटच असतं असं धरून चालू नका. एप्रिलमध्ये माझ्या नणंदेचं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी एक जाड कादंबरी संपवली. आज तिच्यातलं एकही पात्र सांगता येणार नाही. आठवतो तो फिनेलचा वास आणि स्ट्रेचरच्या चाकांची घरघर. त्या चार दिवसांत डोळ्यांना गुंतवून ठेवायला काहीतरी हवं होतं, ते काम त्या कादंबरीनं इमानानं केलं. तिच्यापुढे मी 'पुन्हा' असं लिहिलं आहे. मे महिन्यात ओळीनं वाचलेल्या चार रहस्यकथा डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या, त्यांच्यापुढे काहीच लिहिलं नाही. त्या उन्हाळ्याच्या दुपारींपुरत्या होत्या. उरलेली तीन मात्र खरोखर नुसती चाळल्यासारखी वाचली होती. संख्या वाढावी म्हणून वाचली होती, हे लिहिताना वाईट वाटलं, पण लिहिलं.

खरी यादी काढायचे मार्ग सोपे आहेत. वाचनालयाचे सभासद असाल तर तुमच्या नावावर वर्षभरात काय गेलं ते मागून बघा. जिथे संगणक आला आहे तिथे पाच मिनिटांचं काम असतं, नसेल तिथे तुमचं कार्ड असतंच. विकत घेतलेल्या पुस्तकांची बिलं, ई-बुकची यादी, ऐकलेली पुस्तकं, सगळं धरा. ऐकलेलं पुस्तक वाचनात मोजायचं का, असं मला बरेच जण विचारतात. माझ्या मते नक्की मोजायचं.

दिवाळी अंकांसाठी वेगळं पान ठेवा. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाच्या वर्षाला दिवाळीचा टेकू आहे. आमच्याकडे दिवाळी अंक योजनेत नाव नोंदवलेले सभासद फेब्रुवारीपर्यंत अंक बदलून नेत असतात. पण पुस्तक कपाटात राहतं, अंक रद्दीत जातो, आणि त्यातली एखादी जीव लावणारी कथा पुढे कुठेच सापडत नाही. म्हणून अंक परत करायच्या आधी त्याचं नाव, वर्ष, कथेचं आणि लेखकाचं नाव, पान क्रमांक एवढं टिपून ठेवा. यंदा मी सात अंक वाचले. पानावर तीन कथा आणि एक लेख उतरले. मला ते कमी वाटत नाही.

आता नावडलेल्या पुस्तकांकडे या. इथे घाई करू नका, असं मी अगदी आग्रहानं सांगते. आवडलेल्या पुस्तकांबद्दल लिहायला शब्द तयारच असतात: सुंदर, हृदयस्पर्शी, खिळवून ठेवणारं. हे शब्द मलपृष्ठावरून आपल्या तोंडात आलेले असतात. न आवडलेल्या पुस्तकाबद्दल कुणी आयते शब्द देत नाही. ते आपले आपल्यालाच शोधावे लागतात, आणि ते शोधता शोधता आपली आवड नेमकी काय आहे ते कळायला लागतं. 'कंटाळा आला' एवढ्यावर थांबू नका. पुस्तक पुन्हा हातात घ्या आणि आठवा, किती पानं उरली हे मी पहिल्यांदा कुठे पाहिलं होतं? मन निघून गेल्याची ती जागा असते. ते पान उघडा आणि परत वाचा.

मी यंदा हे एका अनुवादाबाबत केलं. मूळ पुस्तक जगभर गाजलेलं, विषय माझ्या आवडीचा, आणि तरी साठाव्या पानाच्या पुढे जाववेना. ते पान मोठ्यानं वाचलं आणि उलगडा झाला. कादंबरीतला बाप 'खांदे उडवत' होता, मुलगी 'डोळे गोल फिरवत' होती, आणि दर दोन ओळींनी काहीतरी 'केलं गेलं' होतं. वाक्यं मराठी अक्षरांत होती, पण घरात कुणी तसं बोलत नाही. दोष मूळ लेखकाचा नव्हता, विषयाचाही नव्हता. तेव्हापासून अनुवाद घेताना मी मधलंच एखादं संवादाचं पान काढते आणि ओठ हलवत वाचते. कानाला खटकलं तर ठेवून देते. मुखपृष्ठावर किंवा निदान आतल्या पहिल्या पानावर अनुवादकाचं नाव ठळक आहे का, अनुवाद मूळ भाषेतून केला आहे की मधल्या कुठल्या भाषेतून, हेही बघते. कन्नड लेखक भैरप्पांची महाभारतावरची 'पर्व' मराठीत इतकी आपली वाटते त्याचं कारण त्यातल्या बोलीत आहे, असं मला वाटतं. ती मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी यांनी 'संवादु अनुवादु' हे आत्मकथन लिहिलं आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करत आणि त्या ते ऐकून मराठीत आणत. कानातून आलेलं लेखन कानाला गोड लागणारच.

दुसरी निराशा जास्त जिव्हारी लागली. दहावीच्या सुट्टीत मी 'मृत्युंजय' वाचली होती. वाक्यंच्या वाक्यं वहीत उतरवली होती, कर्णासाठी रडले होते. यंदा ती पुन्हा हातात घेतली आणि दीडशे पानांनंतर बाजूला ठेवली. शिवाजी सावंतांनी कर्ण, दुर्योधन, शोण, वृषाली, कुंती आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ती कथा सांगितली आहे. या वयात मला त्या निवेदकांचे आवाज वेगवेगळे ऐकू येईनात. जो बोलेल तो त्याच उपमा, त्याच भारदस्त सुरात बोलतो आहे असं वाटत राहिलं. वहीत मी आधी फक्त 'भाषा अलंकारिक' एवढं लिहिलं होतं. मग ते खोडलं, कारण पंधराव्या वर्षी मला नेमकी तीच भाषा हवी होती. आमच्या वाचनालयातल्या 'मृत्युंजय'च्या प्रतीची बांधणी आजवर तीनदा करून घेतली आहे. दर उन्हाळ्यात ती कुणा ना कुणा शाळकरी मुलाच्या पिशवीतून जाते आणि परत येते तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जागरण दिसतं. म्हणून माझ्या नोंदीत शेवटी असं आहे: 'पुस्तक आपल्या जागी आहे. मी पुढे निघून आले.'

पण मग कर्ण मला कुठे भेटावा? हा प्रश्न नोंद लिहिली म्हणूनच पडला. त्याच आठवड्यात मी 'युगान्त' घरी नेलं. गंमत अशी की इरावती कर्व्यांचं हे पुस्तकही 'मृत्युंजय'च्याच वर्षी, १९६७ साली आलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम पुरं झालं होतं. ते १९१९ पासून चालू होतं. इरावतीबाईंच्या लेखनाला त्या संहितेचा आधार आहे. त्या कर्णावर माया करत नाहीत. भर सभेत द्रौपदीबद्दल तो जे बोलला ते त्या नजरेआड करत नाहीत, त्याच्या दुःखाचं मोल मात्र कमी लेखत नाहीत. एकाच वर्षी मराठीत दोन कर्ण आले, एक डोक्यावर घेतलेला आणि एक समोर बसवून प्रश्न विचारलेला. पहिल्यावर मन बसेना म्हणून मी दुसऱ्याकडे गेले, तिथून 'पर्व'कडे गेले, आणि माझ्या वर्षातले सगळ्यात भरलेले दोन महिने तेच ठरले. नावडलेल्या पुस्तकाची नोंद नीट केली तर ती अशी पुढच्या पुस्तकाचं दार दाखवते. तुमच्याही यादीत एखादं असं पुस्तक असेल. त्याच्या विषयावर राग धरण्याआधी त्याच विषयावर दुसऱ्या कुणी लिहिलेलं शोधा. आमच्यासारख्या वाचनालयात विचारा, आम्हाला असे प्रश्न आवडतात.

तिसरी गोष्ट पैशांची. एका प्रदर्शनात मी सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी घेतली, मलपृष्ठावरची स्तुती वाचून. शंभर पानांत लक्षात आलं की लेखकानं जमवलेली सगळी माहिती पात्रांच्या तोंडी घातली आहे. सरदार आपल्या सख्ख्या भावाला सांगतो की आपले वडील अमुक साली तमुक लढाईत पडले. भावाला ते ठाऊक नसेल का? आता मी ऐतिहासिक कादंबरी घेताना मलपृष्ठ वाचतच नाही. मधला एखादा संवाद काढते आणि बघते, ही दोन माणसं एकमेकांशी बोलताहेत की मला शिकवताहेत. वर्षाखेरीला एकदा विकत घेतलेल्या आणि न उघडलेल्या पुस्तकांचीही मोजदाद करा. माझ्याकडे १४ निघाली. त्यातली नऊ प्रदर्शनातल्या सवलतीची होती. पुढच्या वर्षी प्रदर्शनात तीनच पुस्तकं घ्यायची आणि घरच्या न उघडलेल्यांतली तीन वाचून झाल्यावरच घ्यायची, असं मी ठरवलं आहे.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांबद्दल मात्र मनाला फार लावून घेऊ नका. काउंटरवर पुस्तक परत देताना "पुरं नाही झालं हो" असं लोक इतकं खालच्या आवाजात सांगतात की मलाच कानकोंडं व्हायला होतं. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यात पुस्तक पुरं न करण्याचा हक्क आहे. नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपालबाईंचा एक साधा हिशोब आहे: पन्नास पानं वाचून बघा, नाही जमलं तर सोडा, वय पन्नाशीपुढे गेलं असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं द्या. मी ५४ वर्षांची आहे, म्हणजे माझ्याकडून पुस्तकाला ४६ पानं. बहुतेक वेळा हा हिशोब चालतो.

नेहमी चालतो असं नाही. श्री. ना. पेंडश्यांची 'तुंबाडचे खोत' मी दोनदा सोडली होती. १९८७ साली आलेले ते दोन जाडजूड खंड, खोतांच्या घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या, नावांत नावं मिसळतात. यंदा जुलैमध्ये तिसऱ्यांदा घेतली तेव्हा वहीच्या मधल्या जोडपानावर वंशावळ काढत गेले. नवं माणूस आलं की त्याला त्याच्या जागी बसवायचं, मेलं की नावाभोवती चौकट करायची. पहिल्या खंडाच्या मध्यावर वंशावळ बघायची गरज उरली नाही, ती माणसं घरातली झाली होती. बाहेर पाऊस लागला होता आणि आत जगबुडीच्या काठचा तो वाडा. आधी दोनदा सोडली ती मार्च-एप्रिलमध्ये, वाचनालयाच्या पुस्तक पडताळणीच्या धबडग्यात. मोठ्या पुस्तकाला मोठा मोकळा ऋतू लागतो, हे मला ५४व्या वर्षी कळलं. म्हणून अर्धवट पुस्तकापुढे 'सोडलं' एवढंच लिहू नका, महिना लिहा आणि त्या महिन्यात घरात काय चाललं होतं तेही लिहा.

आणि काही पुस्तकं माणूस प्रेमानंही अर्धवट ठेवतो. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेवर त्यांची सुरुवातीची वर्षं गेली. दर वर्षी एकदा ते 'बनगरवाडी' नेतात. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी जेमतेम सव्वाशे-दीडशे पानांची, दोन बैठकांत होण्यासारखी, पण गुरुजी चार दिवसांत परत आणतात आणि म्हणतात, "ताई, तालीम बांधून झाली, गावानं सण केला, तिथवर वाचली." त्यापुढे दुष्काळ आहे, गाव उठतं. मी एकदा विचारलं, "गुरुजी, शेवट वाचत नाही?" ते म्हणाले, "तो एकदा वाचलाय. एकदाच पुरे." त्यांच्या यादीत 'बनगरवाडी' अर्धवटमध्ये घालायची की पुऱ्यामध्ये? मी त्यांना सांगितलं, पहिल्या पानावर लिहा, सगळ्याच्या वर.

आवडलेल्यांच्या नोंदीचं तंत्र मी हळूहळू शिकले. पूर्वी मी कथानकाचा सारांश लिहायचे. तो दुसरीकडे कुठेही मिळतो. आता तीन गोष्टी टिपते: कुठे बसून वाचलं, कुठल्या पानावर थांबून वर बघितलं, आणि नंतर कुणाला त्यातलं काय सांगितलं. यंदाची एक नोंद जशीच्या तशी देते.

'माझा प्रवास, विष्णुभट गोडसे. ऑगस्ट. एस.टी.त जाता-येता, चार फेऱ्यांत. वरसईचा भिक्षुक, घरची ओढगस्त, यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनं काकांबरोबर उत्तरेकडे निघतो आणि १८५७ च्या धामधुमीत सापडतो. झाशीच्या वेढ्यात आत अडकतो. इतिहासाच्या पुस्तकात ओळीत संपणारी लूट हा माणूस घराघरातून सांगतो, काय काय गेलं, कोण कुठे लपलं, तहान कशी लागली. झाशीच्या पानांवर उतरायचा थांबा चुकला. काउंटरवर दोघांना सांगितलं, एकानं नेलं. हे लिहून झाल्यावर कितीतरी वर्षांनी, १९०७ साली, चिं. वि. वैद्यांनी छापलं, मधल्या काळात हरवलं असतं तर?'

एवढीच नोंद. पण ती वाचली की अख्खं पुस्तक उभं राहतं, आणि तो चुकलेला थांबाही. 'रणांगण'पुढे याहून कमी लिहिलं आहे. विश्राम बेडेकरांची ही १९३९ सालची कादंबरी, युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर घडणारी, त्यांची एकुलती एक. रविवारी सकाळी घेतली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. तिच्यातल्या हॅर्टा या नायिकेबद्दल काही लिहायला गेले तर पेन पुढे सरकेना. तारीख तेवढी लिहिली. काही पुस्तकांपुढे तेवढं पुरतं.

वही कशी असावी याचा बाऊ करू नका. माझी दोनशेपानी साधी वही आहे, डाव्या पानावर तारीख आणि नाव, उजवं पान मोकळं. उजव्या पानावर सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी पुन्हा काही सुचलं तर लिहायला जागा राहते. आखीवरेखीव तक्ते, पाचपैकी तारे, असलं काही मी ठेवत नाही, कारण एकदा चार तारे दिले की मन तिथेच थांबतं. वाचकाची नोंद किती दूर जाऊ शकते हे पाहायचं असेल तर सतीश काळसेकरांचं 'वाचणाऱ्याची रोजनिशी' जरूर वाचा. २०१३ सालचं साहित्य अकादमीचं पारितोषिक त्याला मिळालं. कवी माणूस, पण तिथे तो निव्वळ वाचक म्हणून बोलतो: कुठलं पुस्तक कुणी सुचवलं, कसं मिळवलं, त्यातून पुढचं कुठलं हाती आलं. गोविंद तळवलकरांचं 'वाचता वाचता' वेगळ्या प्रकृतीचं आहे, पुस्तकाचा ऐवज नीट उलगडून ठेवणारं. दोन्ही वाचून मग आपला सूर आपण धरावा.

यादी तयार झाली की एकदा ती परक्या नजरेनं बघा आणि काय नाही ते शोधा. यंदा माझ्या ३१ पुस्तकांत कवितेचं एकही नव्हतं. मला धक्काच बसला, कारण कविता मला आवडत नाहीत असं नव्हे. दिवसभर दमून आल्यावर कादंबरीत शिरणं सोपं जातं एवढंच. दलित आत्मकथनांपैकीही काही नव्हतं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, मी कॉलेजात वाचलं, त्यानंतर ते 'वाचलेलं' म्हणून मोकळी झाले, पुन्हा कधी उघडलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी विशीत होते आणि शहर पाहिलेलं नव्हतं. आता त्यातली कावाखान्याची शहरी वस्ती, त्यातल्या बायका वेगळ्या दिसतील असं वाटतं. तुमच्या यादीत कदाचित बाईनं लिहिलेलं पुस्तकच नसेल, किंवा शंभर वर्षांपूर्वीचं काही नसेल, किंवा आपल्या जिल्ह्याबद्दलचं काही नसेल. जे नाही त्यातलं एकच काहीतरी पुढच्या वर्षासाठी निवडा. सगळ्या उणिवा एका वर्षात भरून काढायला निघालात तर फेब्रुवारीतच वही बंद पडेल, हे मी अनुभवानं सांगते. मी अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' घेतली आहे. रोज रात्री एक कविता, जमलं तर दोनदा वाचायची. आणि जूनमध्ये 'बलुतं'.

नको झालेल्या पुस्तकांचं काय करायचं हाही वर्षाखेरीचाच प्रश्न. वाचनालयाला द्यायची असतील तर आधी येऊन विचारा. पुस्तक दाखल करून घ्यायचं म्हणजे नोंदणी, शिक्के, कव्हर, जागा, सगळं आलं. वाळवी लागलेली, पानं सुटलेली, जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं पोत्यात भरून रात्री दाराशी ठेवून गेलं की ती आम्हालाच रद्दीत काढावी लागतात, आणि तेव्हा हात जड होतात. चांगल्या स्थितीतलं पण तुम्हाला न आवडलेलं पुस्तक मात्र जरूर आणा. शक्य असेल तर आत एक चिठ्ठी ठेवा, तुम्हाला ते का जमलं नाही याची. माझ्या टेबलाच्या खणात अशा चिठ्ठ्या आहेत. एकीवर लिहिलंय, 'फार संथ, पण नदीची वर्णनं सुरेख.' ती वाचून दोघांनी ते पुस्तक नेलं, नदीसाठी.

आता राहिली यंदाची सगळ्यात वरची नोंद. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी पूर्वी वाचली होती, परीक्षेपुरती, आणि 'ठीक' असा शेरा मनात होता. यंदा आईच्या डोळ्यांना दिसेनासं झालं. ती ८१ वर्षांची आहे, आयुष्यभर वाचत आली. ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मी तिला 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवते. मोठ्यानं वाचल्यावर कळलं की हे पुस्तक बोललेलं आहे. वडिलांचं पराकोटीचं सोवळं, पती टिळकांचा विसरभोळेपणा आणि उधळा हात, १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हाचा तो आकांत, मग एकटीनं काढलेली वर्षं. इतकं सोसलेली बाई नवऱ्याबद्दल सांगताना हसते आणि आपल्यालाही हसवते. आई ऐकता ऐकता मध्येच थांबवते. "माझी आजी अशीच धुवायची गं सगळं," म्हणते आणि तिची गोष्ट सुरू होते. त्या गोष्टी मी उजव्या पानावर लिहून ठेवते. इतक्या वर्षांत त्यातल्या निम्म्या मला ठाऊक नव्हत्या.

तुमच्या घरात कुणाचे डोळे थकले असतील तर पुढच्या वर्षी एक पुस्तक त्यांच्यासाठी ठेवा. लहान प्रकरणांचं, बोलीतलं, माणसांनी भरलेलं घ्या. रोज अर्ध्या तासाहून जास्त नको. ऐकणारा थकतो आणि सांगत नाही. आधीच्या दिवशी कुठे थांबलो ते त्यांनाच विचारा.

परवा बघितलं तर 'स्मृतिचित्रे'ची साठेक पानं उरली होती. वर्ष बदलताना मध्येच असलेलं पुस्तक कुठल्या यादीत धरायचं, यावर माझा नियम असा की जिथे संपेल त्या वर्षात. आईला म्हटलं, "रोज थोडं जास्त वाचलं तर एकतीस तारखेच्या आत होईल. संपवूया का?"

ती म्हणाली, "असू दे गं. कालचं कुठे राहिलं होतं, तिथून वाच."

मी खूण काढली आणि तिथून वाचायला लागले.